खंडेरावांचा खुबा

खंडेराव गांगुर्डे यांना काहीही होत नव्हते, ही बाब सुरुवातीलाच नोंदवून ठेवलेली बरी. पुढे ती कोणाच्या लक्षात राहिली नाही.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर कांद्याची आडत केली. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालायचा, हाताला येईल तो कांदा काढायचा, मुठीने फोडायचा, आत बघायचं आणि खालचा सगळा माल कसा आहे ते सांगून मोकळं व्हायचं, हा त्यांचा हातखंडा. आत मोड दिसला की अख्खी ट्रॉली बाद. यात ते कधी चुकले नाहीत, असं ते स्वतः सांगत. धंदा मुलाकडे, म्हणजे संतोषकडे, सोपवल्यावर नाशकात द्वारकेजवळच्या त्याच्या फ्लॅटमध्ये ते राहायला आले. सकाळी चालायला जात, येताना दोन्ही मजले एका दमात चढत, आणि जेवायला खाली मांडी घालून बसत. दुखणं आलं ते त्यांच्या पत्नीच्या, लंकाबाईंच्या वाट्याला.

लंकाबाई कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन गच्चीवर चढत होत्या. वरच्या पायरीवर पाय घसरला. पातेलं खाली, चीक जिन्यावर आणि बाई चिकावर. घरच्यांनी आधी जिना धुतला, कारण चीक वाळला की निघत नाही. तोवर लंकाबाई कठड्याला धरून आपल्या आपण उठल्या होत्या. आपल्या आपण उठलेल्या बाईला फारसं लागलेलं नसतं, असा आपल्याकडे नियम आहे. त्या नियमाला धरून त्यांना हळदीचं दूध मिळालं. दूध त्यांनीच तापवलं.

पण डाव्या जांघेतली कळ जाईना. पाऊल टेकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. सून स्नेहल बँकेत होती; ती रोज संध्याकाळी म्हणायची, "आई, दाखवून येऊ या." आणि लंकाबाई म्हणायच्या, "मुरगळलंय गं. मार्चएंड हाय ना तुझा? तो होऊ दे."

तेवढ्यात चौकात फलक लागला. 'हाडे मजबूत, प्रभाग मजबूत. भव्य मोफत खुबा तपासणी शिबिर.' शिबिर चंदरभाऊंच्या वाढदिवसाचं होतं. चंदरभाऊ प्रभागाचे भावी नगरसेवक होते आणि बऱ्याच वर्षांपासून भावी होते. मागच्या वाढदिवसाला दात झाले होते, त्याआधी डोळे. शरीर वरून खाली सरकत आता खुब्यापाशी आलं होतं.

शिबिराला खंडेराव बरोबर गेले ते बायकोच्या चपला आणि पिशवी धरायला. मांडवाच्या बाजूला एक्स-रेची गाडी उभी होती. तिच्यात काम करणाऱ्या मुलीने लंकाबाईंना टेबलावर निजवलं.

"आजी, दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांकडे वळवा."

"डावा नाय वळत, बाई."

"थोडासा?"

"थोडाबी नाय. जीव जातो."

"अंगठे आत वळले नाहीत तर खुब्याची मान फोटोत नीट येत नाही, आजी." मुलगी जरा विचारात पडली. "बरं, हा असाच घेते. मग एक बाजूनं घेऊ. समोरून नाही दिसलं तर बाजूनं दिसतं."

समोरचा फोटो झाला. बाजूच्या फोटोची तयारी सुरू असताना पडद्याबाहेरून चंदरभाऊंचा आवाज आला. "ताई, आकडा कुठपर्यंत आला?"

मुलीने सांगितलं. चंदरभाऊंना तो आकडा आवडला नाही. दुपारी प्रमुख पाहुणे येऊन आकडा जाहीर करणार होते, आणि फलकावर तो आधीच छापून झाला होता.

"आता काय चाललंय?"

"याच आजींचा दुसरा फोटो घेतेय."

"दुसरा फोटो घेतला म्हणजे आजी दोन झाल्या का?"

"नाही."

"मग दुसरा फोटो दुसऱ्या माणसाचा घ्या ना. फिल्म तेवढीच जाते, माणूस एक वाढतो."

या युक्तिवादात खोट काढता येत नव्हती. सर्वांत जवळचं दुसरं माणूस म्हणजे खंडेराव. चपला आणि पिशवी त्यांच्या हातातच होती.

"मला काही होत नाही," खंडेराव म्हणाले.

"काका, मोफत आहे."

या शब्दापुढे नाशिक जिल्ह्यात आजवर कोणाचा खुबा टिकलेला नाही. खंडेराव टेबलावर आडवे झाले. अंगठे आत वळवा म्हटल्यावर त्यांनी ते इतके झटकन वळवले की मुलगी म्हणाली, "वा, आजोबा."

डॉक्टर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ट्यूबलाइटखाली बसले होते. त्यांच्याकडे फिल्म जात होत्या. पेशंट रांगेत खुर्च्यांवर बसून होते. पेशंट आत आला की तो बोलतो आणि त्यात वेळ जातो, असा मागच्या शिबिरांचा अनुभव होता. फिल्म बोलत नाही. तरी नाव पुकारल्यावर उभं राहून निकाल ऐकायची सोय ठेवली होती.

"लंकाबाई गांगुर्डे. नॉर्मल."

लंकाबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "पण पाऊल टेकवत नाय वो, डाक्टर."

"फिल्ममध्ये मोडल्याचं काही नाही."

"एकदा पाय बघता का?"

"पायच बघतोय की," फिल्म ट्यूबलाइटपुढे धरून डॉक्टर म्हणाले. "चालत्याफिरत्या राहा. बसून राहिलात तर आखडेल. घरकाम हा उत्तम व्यायाम आहे. पुढचं, खंडेराव गांगुर्डे."

ती फिल्म वर धरली आणि डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. सकाळपासून त्यांनी बघितलेल्या सगळ्या फिल्म मिळमिळीत होत्या. त्यांनी शेजारच्या दंतवैद्यांना हाक मारली. ते मागच्या वर्षीच्या शिबिरातून ओळखीने आले होते. दोघांनी फिल्म तिरकी धरली, सरळ धरली. दंतवैद्य "अरेरे" म्हणाले.

"काका, पुढे या. हा मांडीच्या हाडाचा गोळा, ही त्याची वाटी. दोन्हींच्या मध्ये फट दिसायला पाहिजे. तुमची फट कुठं आहे?"

खंडेरावांनी फिल्मकडे बघितलं. फट नव्हती. आपण ती कुठे घालवली, असं त्यांना झालं.

"गादी झिजली की फट जाते. आणि हे काठाला बघा, हाडाला कोंब फुटलेत."

"म्हणजे मोड," खंडेराव हळूच म्हणाले.

"मोडच म्हणा."

आत मोड दिसलेल्या मालाचं काय होतं, हे खंडेरावांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक होतं? हजारो ट्रॉल्या त्यांनी याच एका पुराव्यावर माघारी धाडल्या होत्या. समोरचा शेतकरी शपथा घेऊन सांगायचा, शेठ, माल एक नंबर आहे. ते ऐकूनही घेत नसत.

"पण मला दुखत नाही हो."

"दुखत नाही?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: 'रुग्णास त्रासाची जाणीव नाही.' मग समजावलं की एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं दिसतं, सांधा निखळलेला दिसतो, झीज दिसते, हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून ते खचलं असेल तर तेही दिसतं. दुखणं तेवढं दिसत नाही, त्यामुळे ते आहे की नाही यावर बोलणं अशास्त्रीय ठरेल. मांडी घालू नका, जिने चढू नका, ओझं उचलू नका, चालणं बंद. पूर्ण आराम.

घरी जाताना लंकाबाईंनी खंडेरावांना जिना चढताना हात दिला.

नाशिकच्या कोणत्याही घरात फिल्म आली की पहिलं काम म्हणजे ती खिडकीला लावणं. संतोषने दोन्ही फिल्म हॉलच्या खिडकीला चिकटपट्टीने लावल्या, दोन पावलं मागे सरून कंबरेवर हात ठेवले आणि एका नजरेत निर्णय दिला. "आईचं चकाचक आहे. आबांचं गेलेलं आहे."

आबांसाठी हॉलमध्ये पलंग आला. संडासात उंच खुर्ची आली. शेकायची पिशवी आली, कमरेचा पट्टा आला, डोक्याशी घंटी आली. घंटी वाजली की लंकाबाई स्वयंपाकघरातून एक हात ओट्यावर, मग फ्रिजवर, मग दाराच्या चौकटीवर टेकत येत. संतोषला वाटलं, आई आता सावकाश चालते ते बरंच आहे. पूर्वी फार धावपळ करायची.

स्नेहलला मात्र ते बघवेना. "अरे, त्या लंगडतायत."

"रिपोर्ट नॉर्मल आहे."

"रिपोर्ट लंगडत नाहीये, संतोष. आई लंगडतायत."

"सवय लागली असेल. वयात होतं."

स्नेहल एके दिवशी सुट्टी टाकून लंकाबाईंना एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तिने कुठेतरी वाचलं होतं की खुब्याला केसाएवढी चीर गेली असेल तर साध्या एक्स-रेत ती कधी कधी दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. विम्याच्या खिडकीवर एक अत्यंत सभ्य तरुण बसला होता.

"एमआरआय मंजूर होईल, मॅडम. एक्स-रेत काहीतरी दिसलेलं असलं पाहिजे."

"एक्स-रेत दिसत नाही, म्हणूनच एमआरआय करायचाय."

"दिसत नसेल तर गरज सिद्ध होत नाही."

"आणि दिसलं असतं तर?"

"मग एमआरआयची गरजच पडली नसती." तरुणाने सहानुभूतीने मान हलवली. "घरात कोणाचा एक्स-रे खराब आहे का? त्यांचा लगेच होईल."

तशी सोय होती म्हणून पुढच्या आठवड्यात खंडेरावांचा एमआरआय झाला. तोही फार वाईट आला. लंकाबाई बाहेर बाकावर त्यांचा शर्ट आणि घड्याळ सांभाळत बसल्या होत्या.

मग भेटायला येणारे सुरू झाले. कोणी द्राक्षं आणली, कोणी बिस्किटं. प्रत्येक जण आला की आधी खिडकीपाशी जाई, डोळे बारीक करून फिल्म बघे, "हं" म्हणे आणि मग खुर्चीत बसून चहाची वाट बघे. नात्यातले एक रिटायर्ड तलाठी फिल्म उलटी करून बघून म्हणाले की हद्द सरकलेली आहे. कोणीतरी लंकाबाईंच्या फिल्मवरूनही नजर फिरवी. "ही कोणाची? वा! या वयात असं हाड? काय खाता हो वहिनी?" वहिनी ट्रे घेऊन उभ्या असत, दोन्ही हात गुंतलेले असले की कशाचाच आधार घेता येत नाही, म्हणून ओठ घट्ट मिटलेले असत. लोकांना वाटे, लाजल्या.

खंडेरावांची अडचण वेगळीच होती. लोक इतक्या लांबून येत आणि पेशंट टुकटुकीत. आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर निराशा दिसे. पिंपळगावहून जुना मित्र इसाक आला. त्याचे टेम्पो कांदा वाहून मुंबईला जात. त्याने फिल्म बघितली नाही, पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि खंडेरावांकडेच बघत राहिला.

"खंडूशेठ, तू तर साला नवरदेवासारखा दिसतोय."

"आतून गेलोय, इसाक. मोड आलेत."

"कळ येते?"

"येत असणार."

"येत असणार म्हणजे? कळ तुझी हाय का शेजाऱ्याची?"

इसाक गेल्यावर खंडेराव अस्वस्थ झाले. आयुष्यभर खोटा माल त्यांनी विकला नव्हता. फिल्म खरी होती, डॉक्टर खरे होते. कमी पडत होते ते आपणच. उठताना साधं कण्हताही येत नव्हतं. शिकायचं कोणाकडून? घरात लंगडणारं एकच माणूस होतं. दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी घंटी वाजवली.

"अगं, उठताना तू आधी हात कुठं टेकवतेस?"

लंकाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "कशाला?"

"मला जमत नाही. लोकांना पटत नाही."

लंकाबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "बसा नीट. आधी दात दाबायचे. असं नाय, वरचे खालच्यावर. मग श्वास धरायचा. मग दुखरी बाजू सोडून दुसऱ्या हातानं उठायचं. कण्हायचं नाय. ज्याला दुखतं तो कण्हत नाय, त्यात ताकद जाते."

खंडेरावांनी केलं. "आता चालून दाखव."

त्या चालल्या. खंडेरावांनी जाणकाराच्या नजरेने निरखून बघितलं. "हा पाय बाहेर टाकायचा का?"

"टाकत नाय. तो जातो."

"छान आहे. ते मला जमलं पाहिजे."

"नशीब लागतं त्याला," लंकाबाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून कुकरच्या शिट्टीकडे गेल्या.

आठवडाभरात खंडेरावांची चाल इतकी सुधारली, म्हणजे बिघडली, की भेटायला आलेली माणसं समाधानाने परत जाऊ लागली. सोसायटीच्या चेअरमननी स्वतः येऊन लिफ्ट दुरुस्तीचा विषय अजेंड्यावर घेतल्याचं सांगितलं. ज्येष्ठ नागरिक संघाने 'मी आणि माझा खुबा' या विषयावर त्यांचं व्याख्यान ठेवलं. रात्री झोपताना मात्र त्यांना एक गोष्ट टोचायची. आपण शिकलो ती चाल इतकी हुबेहूब होती, तर मूळ चाल कशाची होती? पण विचार इथपर्यंत आला की त्यांना खिडकीतली बायकोची फिल्म आठवे, आणि झोप लागे.

चंदरभाऊंना शिबिराचा अहवाल वर पाठवायचा होता. अहवालाला लाभार्थी लागतो. खंडेरावांइतका लाभ कोणालाच झाला नव्हता. शिबिराला चालत आलेला हा माणूस आता पलंगावर होता. शिबिराचा परिणाम याहून ठळक तो काय दाखवणार? द्वारकेच्या चौकात फलक लागला. एका बाजूला चंदरभाऊ, हात जोडलेले; दुसऱ्या बाजूला खंडेरावांचा खुबा, मोठा करून. खालून रिक्षावाले वर बघत आणि हा कोणता पक्ष, असं विचारत. खुबा भाऊंच्या चेहऱ्यापेक्षा मोठा छापल्याबद्दल छापखान्याला नोटीस गेली, असंही कानावर आलं.

पुढची पायरी ठरलेलीच होती. चाकाची खुर्ची प्रदान सोहळा. समाजमंदिर भरलं. मंचावर चढायला एक उतरंडीची फळी लावली होती. खंडेरावांना खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला, मांडीवर नारळ ठेवला. फोटोग्राफरने चौकट बघून सांगितलं, "आजोबांना आजी ढकलत वर नेतायत, असा घेऊ. सेवेचा फोटो चांगला येतो."

"मी ढकलते," स्नेहल पुढे झाली.

"तुम्ही नको, ताई. तुमच्याकडून सेवा वाटत नाही, नोकरी वाटते."

लंकाबाईंनी खुर्चीच्या मुठी धरल्या. खंडेरावांनी मागे वळून बघितलं. बायकोने वरचे दात खालच्यावर दाबले होते आणि श्वास धरला होता. हा धडा त्यांना पाठ होता. कण्हायचं नाय. ज्याला दुखतं तो कण्हत नाय.

"थांब," खंडेराव म्हणाले. "लंका, थांब."

"आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला.

खुर्ची फळीवर चढली. दोन हात वर गेली असेल, तोच वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. खुर्चीचं चाक मोडलं, असं सगळ्यांना वाटलं. कारण खुर्ची मागे घरंगळली, फळीवरून उतरली, नारळ सुटून प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी गेला आणि सभागृहातले सगळे डोळे खंडेरावांकडे लागले. लंकाबाई फळीच्या बाजूला पडल्या होत्या. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

खंडेराव खुर्चीतून उठले. हार काढून फेकला. फळी ओलांडून ते धावत बायकोपाशी गेले आणि खाली मांडी घालून तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाहताय ना आपण!" निवेदकाने माईक ओढून घेतला. "शिबिराचा गुण! खंडेराव धावले! मांडी घालून बसले!"

"लंके," खंडेराव म्हणत होते. "कुठं दुखतं? मला सांग. कुठं दुखतं?"

"आता इचारताय होय," लंकाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फोटोग्राफर वाकून म्हणाला, "आजोबा, गर्दी मध्ये आली होती. एकदा परत पळाल का?"

मागच्या रांगेतून इसाक खुर्च्या बाजूला सारत आला. त्याने फोटोग्राफरला काय सांगितलं ते छापण्यासारखं नाही. मग त्याने आणि खंडेरावांनी लंकाबाईंना त्याच चाकाच्या खुर्चीत न घालता फळीवर आडवं केलं, फळी उचलली आणि इसाकच्या टेम्पोत ठेवली. स्नेहल डोक्याशी बसली. खंडेराव फळीचं एक टोक धरून रस्ताभर उकिडवे बसले होते.

त्याच मोठ्या रुग्णालयात जे डॉक्टर आले त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. संतोष घाईघाईने जुनी फिल्म पुढे करत होता. त्यांनी ती न बघता चादर बाजूला करून पायच बघितला. "डावा पाय आखूड झालाय आणि बाहेर वळलाय. मोडलंय. फोटो काढू, पण तो किती मोडलंय ते बघायला." मग त्यांनी लंकाबाईंनाच विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"कुरडया घातल्या नायत तेव्हापासून," लंकाबाई म्हणाल्या.

नवी फिल्म आली. डॉक्टरांनी जुनी तिच्याशेजारी लावली. "पाय आत वळवता आला नाही की खुब्याची मान आखडून दिसते, चीर झाकली जाते. म्हणून बाजूनं दुसरा फोटो घेतात. त्यातही नाही दिसलं आणि तरी माणूस पाय टेकवत नसेल, तर पाय टेकवू न देता पुढची तपासणी करायची. तेव्हाच धरलं असतं तर दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं. आता अर्धा सांधा बदलावा लागेल. यांचा बाजूचा फोटो नाही काढला?"

खंडेराव कोपऱ्यात दोन्ही पायांवर भार टाकून व्यवस्थित उभे होते.

"यांना आराम सांगितला होता का?"

"आराम सांगितला होता," स्नेहल म्हणाली. "घरात एकाला सांगितला होता."

संतोषने नवी फिल्म उजेडाकडे धरली. त्याचा चेहरा उजळला. "हे बघ, आता कसं स्पष्ट आलंय. आईला खरंच दुखत होतं." त्याच्या आवाजात मोठा सुटकेचा भाव होता. तेवढ्यात विम्याच्या खिडकीवरचा सभ्य तरुण वर येऊन सांगून गेला की एक्स-रे आता बिघडल्यामुळे एमआरआय मंजूर झाला आहे. आता तो नको, असं स्नेहलने सांगितल्यावर, नको असल्याचं लेखी देता का, असं त्याने विचारलं.

ऑपरेशन नीट झालं. लंकाबाई घरी आल्या. पलंग हॉलमधून आतल्या खोलीत गेला, घंटी लंकाबाईंच्या उशाशी आली. ती त्यांनी कधी वाजवली नाही. खंडेराव न बोलावताच दर थोड्या वेळाने दारात येऊन उभे राहत.

"काय हवंय?" त्या विचारत.

"काही नाही. दुखतंय का, ते विचारायला आलो."

"आता दुखतंय का, हे इचारायची सवय लागली वाटतं."

"शिकतोय."

"चालंल," लंकाबाई म्हणत. "तुम्हाला लंगडायलाबी लगेच जमलं होतं."

भेटायला येणारे पुन्हा सुरू झाले. खिडकीला आता लोखंडी गोळ्याची नवी फिल्म होती आणि तिच्यासमोर लोक बराच वेळ उभे राहत. "काय फिट बसवलाय बघा," ते म्हणत. मग खुर्चीत बसत, खंडेरावांनी केलेला चहा पीत आणि आवाज खाली आणून विचारत, "आणि तुमचा खुबा? फलकावर फार वाईट दिसतो हो."

"मला काही होत नाही," खंडेराव सांगत. ते कोणालाच पटत नसे. आतल्या खोलीत लंकाबाई वॉकर धरून पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत जायचं शिकत होत्या. मध्ये दोनदा थांबावं लागे, आणि त्या वेळी ओठ घट्ट मिटलेले असत.

इथवर वाचत आलेल्या बऱ्याच जणांना आता हेच जाणून घ्यायचं असेल की खंडेरावांच्या खुब्याचं पुढे काय झालं. त्यांनी हॉलमध्ये बसावं. फिल्म खिडकीशी आहे, चहा येतोच आहे. लंकाबाई भिंतीपर्यंत पोचल्या का, असं विचारायचं कोणाच्या मनात आलं असेल, तर त्यांनी सरळ आत यावं. खोलीत गर्दी नाही.